अठरा, एकवीस, पंचवीस... कायद्यातले वयाचे हे आकडे येतात कुठून?

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधला कायद्याचा एक ग्रंथ आहे, साधारण 1188 च्या आसपासचा, ग्लॅनव्हिल नावाच्या न्यायाधीशाच्या नावावर खपतो (त्यानेच लिहिला का यावर वाद आहेत, ते सोडा). मुलगा सज्ञान कधी झाला असं धरायचं, याची त्यात तीन उत्तरं आहेत. सरदाराचा मुलगा असेल तर 21 पूर्ण झाल्यावर. स्वतःची जमीन कसणाऱ्या साध्या शेतकऱ्याचा असेल तर 15. आणि शहरातल्या व्यापाऱ्याचा असेल तर वयाचा आकडाच नाही! त्याला पैसे नीट मोजता आले, कापड मापता आलं आणि बापाचा बाकीचा कारभार बघता आला की झाला तो मोठा.

दारू पिण्याचं कायदेशीर वय किती असावं यावर कुठेही वाद सुरू झाला की मला हा कापड मापणारा पोरगा आठवतो, कारण त्या वादात दोन्ही बाजू असं गृहीत धरून चालतात की कोणीतरी कधीतरी बसून शांतपणे विचार केला असणार, माणूस शहाणा कधी होतो ते तपासलं असणार आणि मग आकडा ठरवला असणार. तसं काही झालेलं नाहीये. जवळपास कुठेच नाही.

आता सरदाराच्या पोराला 21 च का? नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे चिलखत. अंगावर ते सगळं लोखंड चढवून घोड्यावर बसायचं, भाला सांभाळायचा, म्हणजे अंगात तेवढी ताकद यायला हवी. हे पटण्यासारखं आहे, पण याच्या शेजारी अजून एक गोष्ट ठेवून बघा. बाप मेला आणि वारस लहान असला तर ती जमीन वरच्या मोठ्या जमीनदाराच्या ताब्यात जायची आणि मुलगा 21 चा होईपर्यंत तिचं उत्पन्न तोच खायचा. म्हणजे पोरगा जितका उशिरा मोठा होईल तितकं बरं, नाही का? शेतकऱ्याच्या पोराचं पालकत्व मात्र अशा नातेवाईकाकडे जायचं ज्याला त्या जमिनीत वारसा नाही, आणि त्याला नंतर हिशोबही द्यावा लागायचा. तिथे 15 ला मोकळं. मी यातून फार मोठा कट वगैरे शोधत नाहीये, पण वयाची रेषा कुठे आहे हे बघताना रेषेच्या अलीकडे कोणाचा फायदा होतोय तेही बघायची सवय लावून घ्यायला हरकत नाही.

गंमत म्हणजे चिलखतं गेली, घोडे गेले, सरदार गेले आणि 21 राहिलाच. सगळ्यांनाच लागू झाला. ब्रिटनमधे सज्ञान होण्याचं वय 18 झालं ते थेट 1 जानेवारी 1970 ला. फ्रान्समधे 1974, पश्चिम जर्मनीत 1975. आपल्याला आज 18 म्हणजे निसर्गाचाच नियम वाटतो, पण बऱ्याच देशांत त्याला जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षं झालीत. भारतात 1875 च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय 18 होतं आणि मत द्यायला मात्र 1989 पर्यंत 21 लागायचे, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांचा कायदा सांगतोय की तू जमीन विकायला शहाणा आहेस आणि पुढे राज्यघटना सांगतेय की पण आमदार निवडायला नाहीस. आणि कोणाला त्यात फार विसंगती वाटली असंही नाही.

21 चा आकडा 18 वर खाली ओढला गेला त्यात युद्धाचा वाटा मोठा आहे, निदान अमेरिकेत तरी. 1942 मधे दुसऱ्या महायुद्धासाठी सक्तीच्या भरतीचं वय तिथे 18 वर आणलं, मत द्यायचं वय 21 च होतं. लढायला चालतो तर मत द्यायला का नाही, ही घोषणा तेव्हापासूनची. पण तिला जोर आला व्हिएतनाममुळे आणि 1971 मधे मताचं वय 18 करणारी घटनादुरुस्ती झाली, काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) पास केल्यापासून शंभर दिवसात पुरेशा राज्यांनी मंजुरीपण देऊन टाकली, इतकी घाई अमेरिकेत कुठल्याही घटनादुरुस्तीची झालेली नाही.

ही घोषणा राजकारण म्हणून एकदम जबरदस्त आहे. तर्क म्हणून मला ती कधीच पटली नाही. सैन्याला 18 वर्षांचा पोरगा का हवा असतो? तो विचारी असतो म्हणून? उलट अंगात रग असते, मरणाची भीती कमी असते आणि सांगितलेलं ऐकतो म्हणून. आता याच गुणांवरून त्याला दारूच्या दुकानात पाठवायचं की नाही ते ठरवायचं असेल तर उत्तर बरोबर उलटं येईल. पण ते काही असो, मताचं वय उतरल्यावर त्याच लाटेत अमेरिकेतल्या अर्ध्याहून जास्त राज्यांनी दारूचं वयही 18, 19, 20 असं खाली आणलं.

आणि मग गाड्या ठोकायला लागल्या.

तिथे दारूचं वय ठरवणं हा राज्यांचा अधिकार. त्यामुळे एका राज्यात 21, शेजारच्यात 18, मधे नुसता हायवे. पोरं शनिवारी संध्याकाळी गाडी काढून हद्दीपलीकडे जायची, प्यायची आणि रात्री तशीच परत यायला निघायची. त्या सीमांना तिकडे रक्ताच्या सीमा म्हणायला लागले होते. 1980 मधे कॅलिफोर्नियातल्या कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसाने उडवली (तो माणूस काही अठरा वर्षांचा नव्हता, चाळिशीतला होता, आधीही पकडला गेलेला), आणि त्यांनी दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध आयांची संघटना काढली. 1984 मधे राष्ट्राध्यक्ष रेगनच्या सहीने कायदा झाला. आता केंद्राला तर दारूचं वय ठरवता येत नाही, मग केलं काय? राज्यांना सांगितलं, तुम्ही वय खुशाल 18 ठेवा हो, फक्त हायवेसाठी आम्ही जो पैसा देतो त्यातला काही भाग मिळणार नाही. पहिल्या वर्षी पाच टक्के, मग दहा. साउथ डकोटा राज्य कोर्टात गेलं, तिथे 19 वर्षांच्या पोरांना हलकी बिअर मिळायची. सुप्रीम कोर्टाने 1987 मधे सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हे दडपण आहे पण जबरदस्ती नाही, चालेल. 1988 पर्यंत सगळी राज्यं 21 वर आली.

म्हणजे जगात सगळ्यात जास्त चर्चा होते तो अमेरिकेचा 21 हा आकडा खरं म्हणजे रस्त्याचा आहे. तो आलाय डांबरातून. तिथे बहुतेक ठिकाणी सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, गाडीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे पोराच्या हातात आधी स्टिअरिंग येतं आणि मग ग्लास. जर्मनीत बरोबर उलटा क्रम आहे. बिअर आणि वाइन 16 ला, आईबाप बरोबर असतील तर 14 लासुद्धा, कडक दारू 18 ला, आणि गाडी एकट्याने चालवायची तर तीही 18 लाच. म्हणजे पिऊन काय होतं हे कळायला दोन वर्षं मिळतात आणि त्या काळात तो पायी किंवा ट्रेनने घरी जातो. यातलं कुठलं बरोबर हे विचारण्यात मला फार अर्थ वाटत नाही, जर्मनीचा नियम उचलून अमेरिकेत ठेवला तर तो तिथे चालणार नाही कारण ट्रेन कुठेय? (लिव्हरचं काय, तो प्रश्न वेगळा आणि त्याला ट्रेनने काही फरक पडत नाही.)

मेंदूचं शास्त्र हल्ली या वादात फार आणतात. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत पिकत राहतो, म्हणून सगळंच 25 ला करा. पण संशोधक स्वतः म्हणतात त्यात एक फरक आहे जो मधेच गाळला जातो. शांतपणे बसून, माहिती घेऊन, वेळ घेऊन निर्णय करायची क्षमता साधारण 16 ला मोठ्यांइतकी झालेली असते. मित्र बाजूला आहेत, डोकं तापलंय, आत्ता काय ते ठरवायचंय, अशा वेळी आवर घालायची क्षमता मात्र विशीत जाऊन येते. आता मतदान हे पहिल्या प्रकारात बसतं आणि रात्रीची पार्टी दुसऱ्या. त्या हिशोबाने मताचं वय दारूपेक्षा कमी असणं यात ढोंग काहीच नाही, ऑस्ट्रियात 2007 पासून 16 व्या वर्षी मत देता येतं. म्हणून ते "मत देऊ शकतो, लग्न करू शकतो पण बिअर नाही" वालं मीम मला आता तेवढं हसवत नाही. सगळ्या कुलपांना एकच किल्ली कशाला हवी?

25 वरून आठवलं, रोमन लोकांनी हे करून बघितलंय. इसवी सनापूर्वी 200 च्या सुमारास त्यांच्याकडे कायदा आला की 25 च्या आतल्या तरुणाला कोणी व्यवहारात फसवलं तर त्याला संरक्षण. हेतू चांगलाच होता. झालं असं की व्यापारी म्हणाले, उद्या हा कोर्टात जाऊन मी लहान आहे म्हणणार असेल तर आपण याच्याशी व्यवहारच नको करायला. त्या काळच्या एका विनोदी नाटकात एक प्रेमात पडलेला पोरगा रडतो की पंचविसाच्या कायद्याने माझी वाट लावली, कोणी उधारच देईना. पुढे पुढे मग व्यवहाराला बाजूला एक मोठा माणूस उभा करायची पद्धत पडली. संरक्षण वाढवलं की त्या माणसाची बाजारातली पत कमी होते हे दोन हजार वर्षांपूर्वीच दिसलं होतं, आणि तरीही वय वाढवण्याच्या प्रत्येक चर्चेत हे नव्याने शोधावं लागतं.

आता परत त्या कापड मापणाऱ्या पोराकडे. त्याची परीक्षा जास्त न्याय्य होती ना? मग आपण ती का सोडली? माझं उत्तर असं आहे की आकडा हा शहाणपणासाठी नसतोच, तो काउंटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. समोर रांग लागलीय, त्याच्याकडे प्रत्येकामागे दहा सेकंद आहेत, तो काय कापड मापायला लावणार? त्याला कार्डावर एक तारीख बघायची आहे बस. दक्षिण कोरियात तर तारीखसुद्धा काढून टाकली. तुम्ही ज्या वर्षी 19 चे होणार त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून दारू चालते, वाढदिवस डिसेंबरमधे असला तरी. म्हणजे एका वर्षी जन्मलेला सगळा घोळका एकदम मोठा होतो, ग्रुपमधला एकटा बाहेर राहत नाही, दुकानदाराला फक्त साल बघायचं. 31 डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला बारमधे शिरायला कार्ड हातात धरून उभी असलेली पोरं, हे तिथलं नेहमीचं दृश्य. 2023 मधे त्यांनी वय मोजायची जुनी पद्धत बदलली तेव्हाही दारूसाठी ही सालाची पद्धत तशीच ठेवली, कारण ती चालते. स्वीडनमधे बारमधे बसून प्यायला 18, पण सरकारी दुकानातून बाटली घरी न्यायची तर 20, कारण बारमधे कोणीतरी बघतंय आणि घरी नेलेली बाटली कुठे आणि कोणाच्या हातात जाईल ते कोण बघणार.

जपानने 2022 मधे सज्ञान होण्याचं वय 20 वरून 18 केलं पण दारू, सिगरेट आणि जुगार 20 लाच ठेवले. भारतात तर हे राज्याराज्यात वेगळं, गोव्यात 18, केरळात 23, दिल्लीत 25, आणि लोकसभेला उभं राहायचं किमान वय पण 25. यावर काही टिप्पणी करत नाही.

जिथे काउंटर नाही आणि वेळ आहे तिथे ती जुनी परीक्षा अजून जिवंत आहे, हे मला फार रोचक वाटतं. इंग्लंडमधे 1985 च्या गिलिक खटल्यात ठरलं की 16 च्या आतल्या मुलीला उपचार काय आहेत, परिणाम काय होतील हे खरंच समजत असेल तर ती स्वतः संमती देऊ शकते, आणि समजतंय का ते डॉक्टरने तिच्याशी बोलून ठरवायचं. हे बऱ्यापैकी चालतं, कारण डॉक्टर बसून बोलू शकतो. भारतात 2015 च्या बाल न्याय कायद्यात 16 ते 18 मधल्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत तपासतं आणि मोठ्यांसारखा खटला चालवायचा का ते बघतं. इथे मला जास्त भीती वाटते, कारण महिन्यांपूर्वीच्या एका क्षणी त्याच्या डोक्यात काय होतं हे आज समोर बसवून कसं मापणार? आणि एकंदरीतच शिक्षेची वयं बघितली की वाईट वाटतं. इंग्लंडमधे दहाव्या वर्षी मुलावर फौजदारी जबाबदारी येते आणि दारू विकत घ्यायला 18 लागतात. जबाबदारी द्यायची घाई असते, मोकळीक द्यायची नसते.

सध्या हाच सगळा खेळ नव्याने चालू आहे सोशल मीडियावर. इतकी वर्षं 13 चा आकडा होता, तो आला अमेरिकेच्या 1998 च्या एका कायद्यातून, आणि तो कायदा पोरांच्या मनाबद्दल नव्हताच, आईबापांना न विचारता मुलांची माहिती गोळा करू नका एवढंच त्यात होतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 केलंय, बाकीचे देश बघतायत. पण इथे काउंटरच नाहीये ना. मग एकतर सगळ्यांनी, म्हणजे साठ वर्षांच्या काकांनीसुद्धा, कंपनीला ओळखपत्र दाखवायचं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा आणि सॉफ्टवेअर अंदाज करणार हा कितीचा वाटतो. असा अंदाज वर्ष-दोन वर्षांनी सहज चुकू शकतो आणि भांडण तर नेमकं पंधरा आणि सोळा मधलंच आहे. मला विचाराल तर आकड्यावर एवढी डोकेफोड करण्याऐवजी त्या ॲपमधली रात्री दोनपर्यंत खिळवून ठेवणारी यंत्रणाच 18 च्या आतल्यांसाठी बंद करायला लावावी, पण त्यात कंपन्यांचे पैसे जातात, आणि वय तपासण्यात फक्त आपला चेहरा जातो.