शेतघराचं सोलर, नोंद ४: बॅटरी ‘फुल’ दाखवत होती, भरत नव्हती

दिवाळीत पॅनेलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा जुना, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर काढून एमपीपीटी प्रकारचा बसवला, त्यानंतरचा सगळा हिवाळा एकाच कोड्यात गेला. दुपारी एकलाच कंट्रोलर ‘फ्लोट’ दाखवायचा. म्हणजे त्याच्या हिशेबाने बॅटरी भरलेली. आणि रात्री दोन डीसी पंखे, चार दिवे आणि राउटर एवढ्यावरच पहाटे सगळं बंद पडायचं.

सेटअप तोच आहे: १६५ वॅटची दोन पॅनेल, २०० एएचची (अँपिअर-अवर) १२ व्होल्ट ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे पाणी भरायची लेड-अ‍ॅसिड. दुकानात विचारलं तर बॅटरी बदला म्हणाले. तीन वर्षांची बॅटरी एवढ्यात टाकायला मन होईना. हायड्रोमीटरने सहाही सेल तपासले, तर ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, १.२०० ते १.२१०. ट्युब्युलर पूर्ण भरली की १.२४०च्या आसपास हवी. पण सहाही सेल सारखेच खाली होते, आणि यानेच मला धीर आला. एखादा सेल मेला असता तर तो एकटा वेगळा दिसला असता. सगळे सारखे उपाशी असतील तर चार्जिंगच कमी पडतंय.

आधी एमपीपीटीबद्दल थोडं, कारण संशय त्याच्यावरही गेला होता. ३६ सेलचं पॅनेल १८ व्होल्टच्या आसपास सर्वांत जास्त वॅट देतं. पीडब्ल्यूएम पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलला १३ व्होल्टवर यावं लागतं. करंट ९ अँपिअरच राहतो आणि १६५चे ११७ वॅट होतात. एमपीपीटीत कॉइल आणि मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, ते जास्तीचं व्होल्टेज उतरवून त्याच्या बदल्यात करंट वाढवतात. नेमका बिंदू तो सारखा शोधत असतो: व्होल्टेज जरा हलवायचं, वॅट वाढले तर त्याच दिशेने पुढे, घटले तर मागे. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना आपण काटा फिरवायचो, अगदी तसंच. हा फायदा थंडीत जास्त दिसतो. उन्हाळ्यात पॅनेल तापलं की तेच १८ व्होल्ट साडेपंधरापर्यंत उतरतात आणि फरक कमी होतो.

माझी दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली, त्यामुळे पॅनेलकडून ९ अँपिअरच येतात; आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीला वेढून करंट मोजणारा) दुपारी बॅटरीकडे १८ अँपिअर दिसत होते. कंट्रोलर ठणठणीत होता.

मग जानेवारीत भर उन्हात एकाच वेळी दोन मीटर लावले. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट, बॅटरीच्या पोलवर १३.७! कंट्रोलरला फक्त स्वतःच्या स्क्रूवरचं व्होल्टेज कळतं, पुढे वायरीत काय हरवतंय हे त्याला दिसत नाही. मी वापरली होती ४ स्क्वेअर एमएम वायर, साडेतीन मीटर जायला, तेवढीच यायला. अशा तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम. सात मीटर आणि १८ अँपिअर धरले तर ०.५८ व्होल्ट तिथेच गेले. उरलेले फ्यूज होल्डरच्या ढिल्या स्क्रूत. हात लावला तर होल्डर गरम!

हे इतकं महागात का पडतं? लेड-अ‍ॅसिडचं चार्जिंग टप्प्यांनी होतं. आधी बल्क, म्हणजे मिळेल तेवढा करंट. मग अ‍ॅबसॉर्प्शन, म्हणजे १४.४ला व्होल्टेज धरून ठेवायचं. शेवटी फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर नुसती टिकवायची. माझ्या कंट्रोलरचा अ‍ॅबसॉर्प्शन दोन तासांचा, घड्याळावर चालणारा. वायरीतल्या घटीमुळे हे घड्याळ वेळेआधीच सुरू होत होतं, आणि बॅटरी अर्धवट असतानाच फ्लोट लागत होता.

दुसरी चूक उन्हाची. कंट्रोलर पत्र्याखाली पश्चिमेच्या भिंतीवर होता आणि तापमानाचा सेन्सर त्याच्या आतच. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं म्हणून तो दर सेलला दर अंशाला ४ मिलिव्होल्ट कमी करतो, सहा सेलचे २४. कंट्रोलर ४८ अंशांवर आणि खाली फरशीवरची बॅटरी ३२ वर, म्हणजे विनाकारण ०.३८ व्होल्ट कमी.

उपाय सरळ निघाला. कंट्रोलर आतल्या खोलीत, बॅटरीच्या बाजूला आणला. बॅटरीच्या डोक्यावर लावू नका, चार्जिंगला बॅटरी गॅस सोडते. आता सव्वा मीटरपेक्षा कमी अंतर, १६ स्क्वेअर एमएम वायर, क्रिंप केलेले लग (वायरीच्या टोकांना दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्या), आणि सेन्सरची वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवलेली. घट ०.०५ व्होल्ट. पॅनेलकडची वायर लांबली, पण पॅनेल सिरीजमध्ये असल्याने तिथे ३६ व्होल्टवर ९ अँपिअरच वाहतात; दहा मीटर अंतराला आठ वॅटही जात नाहीत.

उतरवताना आधी पॅनेल तोडलं, मग बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. हा क्रम मोडू नका. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं तर काही कंट्रोलर कायमचे जातात. पॅनेलच्या लाइनला डीसीचाच एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्या, घरातला एसीचा डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही.

मग डिस्टिल्ड वॉटर भरून, खिडक्या उघड्या ठेवून, सगळा लोड काढून इक्वलायझेशन दिलं, म्हणजे सगळे सेल पूर्ण भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग. (पाण्याच्या बॅटरीलाच द्यायचं, जेल आणि लिथियमला कधीच नाही.) आठवड्याच्या अंतराने तीनदा. ग्रॅव्हिटी १.२१० वरून १.२२५, मग १.२३५. पंखे आता सकाळपर्यंत चालतात.

तेव्हापासून महिन्यातून एकदा दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज वहीत लिहितो. फरक ०.१च्या वर गेला की स्क्रू आवळायचे, तापून-निवून ते ढिले होतातच. हीट सिंकवरची (कंट्रोलरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडतो. मार्चमध्ये कंट्रोलरच्या खालच्या फटीत मुंग्यांनी माती भरली होती, तिथे बारीक जाळी लावली.

मेअखेर पॅनेलच्या वायरी खालून वळसा देऊन आत घ्यायच्या आहेत, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही. सहाव्या सेलची ग्रॅव्हिटी अजून १.२३० वरच आहे, त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.