पान ४१२ वर डीएनएफ

मागच्या नोंदीत मोठ्या खात्रीने लिहिलं होतं की वेढ्याचं प्रकरण आलं की सगळे धागे जुळतील. काल रात्री ते प्रकरण संपवलं आणि या फँटसी ट्रायलॉजीचा दुसरा भाग अर्धवटच बाजूला ठेवला, म्हणजेच डीएनएफ (डिड नॉट फिनिश). ६८८ पैकी पान ४१२. वाईट वाटतंय, कारण या जगात मी तीन महिने राहिलेय.

घोडं अडलं ते मॅजिक सिस्टमवर, आणि ही ट्रायलॉजी मी हाती घेतली होती ती त्याचसाठी. प्रत्येक मंत्राची किंमत एक आठवण. पहिल्या भागात नायिका साधा दिवा पेटवते आणि आई हाक मारायची तो सूर कायमचा विसरते. ते पान मी तीनदा वाचलं होतं. आता वेढ्यात ती अख्खी नदी वळवते आणि तिचं काहीच जात नाही!

आधी वाटलं, माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं. म्हणून वहीतला तक्ता काढला (मंत्र, पान, गेलेली आठवण) आणि सुरुवातीपासून ताडून पाहिलं. एकूण २३ मंत्र. पहिल्या १४ मंत्रांची किंमत चोख वसूल झालीय, पुढच्या नऊंपैकी फक्त दोनांची. खुलासा येतो तो पान ४०९ वर: आजीच्या अंगठीत म्हणे आठवणी साठवलेल्या होत्या. ई-रीडरवर दोन्ही भागांत अंगठी शोधली, त्याआधी एकही उल्लेख नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनचा जादूविषयीचा पहिला नियम हेच सांगतो की वाचकाला जादू जितकी कळलीय, तितकेच पेच तिने सोडवावेत. इथे कळलेली जादूच मोडीत काढली.

नकाशाचं मी चालवून घेतलं होतं. ई-रीडरवर तो बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, झूम केलं की नावं फुटतात. नकाशा असलेलं पुस्तक छापीलच घ्यावं. मी तो ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि पट्टीने मोजला, त्याचा मात्र अजून आनंद आहे. किल्ला ते बंदर सहाशे किलोमीटर भरतं, स्वार पोचतात दोन दिवसांत. रोजच्या मजलीत घोडा पन्नास-साठ किलोमीटर जातो. तरीही वाचत राहिले.

नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल पुस्तकाला ५० पानं द्या म्हणतात, आणि पन्नाशी उलटली की १०० वजा वय, तेवढीच. मी पहिला अख्खा भाग देऊन वर ४१२ दिली.

तिसरा भाग टीबीआरमधून (वाचायच्या पुस्तकांच्या यादीतून) काढणार होते. पण हे लिहिता लिहिता मीठ विकणारी ती बाई आठवली. तिच्या पीओव्हीत (तिच्या नजरेतून सांगितलेल्या प्रकरणांत) जादू नाहीच, नुसते रस्ते, तराजू आणि उधारी, आणि संवाद तर फार सुंदर. अनुक्रमणिका चाळली, तिची सात प्रकरणं बाकी आहेत. मधलं सगळं सोडून तेवढीच सलग वाचता येतील. पुढचं पान ४३१ वर आहे, खूण करून ठेवलीय.