उजव्या कोपऱ्यातला दगड

टेस्ट किटच्या नळीतलं माशांच्या टाकीचं पाणी पाच मिनिटांनंतरही पिवळंच राहिलं. पिवळं म्हणजे अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आसपास, खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025, तापमान 26. मुलुंडच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये काका, म्हणजे माझे गिऱ्हाईक, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. सकाळी सातलाच त्यांचा फोन आला होता, "पाण्यात काहीतरी बिघडलंय रे, लगेच ये." आणि पाण्यात काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

वर डाव्या कोपऱ्यात, गाळलेलं पाणी परत आणणाऱ्या रिटर्न पाइपच्या मागे, एक क्लाउनफिश तिरका होऊन तरंगत होता. आठच दिवसांपूर्वी आणलेली जोडी. याची शेपटी निम्मी गेलेली, खवले निघालेल्या जागी अंगावर पांढरे चट्टे, आणि कल्ले लोहाराच्या भात्यासारखे चाललेले. दुसरा ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, जाळीला चिकटून मेला होता. त्याला हातावर घेतला तेव्हा काकू आतल्या खोलीत निघून गेल्या.

मी बारा वर्षं मुंबई-ठाण्यात लोकांच्या घरचे मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या, सांभाळतो. ही टाकी माझ्याकडे सांभाळायला दोन महिन्यांपूर्वी आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. त्यात दोन थ्री-स्ट्राइप डॅमसेल होते. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे, लांबी माझ्या बोटाएवढी. दिसायला इतका देखणा मासा की दुकानात पोरं काचेला नाक लावून उभी राहतात.

काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे टाकीचा सगळा हिशेब वहीत. मी ती वही मागितली. पहिल्या पानावर होतं: टाकी भरली, दुसऱ्या दिवशी पाच डॅमसेल सोडले. पुढे महिनाभराने, "एक डॅमसेल गेला. सगळ्यात लहान होता. पाणी बदललं." मग दोन महिन्यांनी, "आणखी एक गेला. पंख फाटलेले. बुरशी असावी." मग तिसरा. प्रत्येक वेळी त्यांनी पाणी बदललं होतं, मीठ बदललं होतं, एकदा तर आरओचे फिल्टरसुद्धा. उरलेले दोघे मात्र प्रत्येक मरणानंतर जास्त तुकतुकीत झाले होते.

पाच डॅमसेल कोणी दिले, हे विचारायची गरज नव्हती. नवीन मरीन टँक घेणाऱ्याला आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातं: आधी डॅमसेल टाका, टाकी चालू होईल. नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंतचं पाणी विषारीच. डॅमसेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चिवट, म्हणून त्या विषात त्याला ढकलायचं. मीही सुरुवातीची तीन-चार वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत होतो आणि त्याची मला आज लाज वाटते. खरं तर रिकाम्या टाकीत बाजारातून आणलेली एक कोलंबी सडू दिली तरी काम होतं. काकांसारख्या शाकाहारी घरात अमोनियम क्लोराइडचे मोजून थेंब टाकले की झालं. एकाही माशाला त्रास द्यावा लागत नाही.

आणि क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. जो मासा पहिला येतो तो टाकीचा मालक होतो. डॅमसेलला शेवटी सोडायचं, तेही सोडायचंच असेल तर. काकांच्या टाकीत तो पहिला आला आणि क्लाउन त्याच्या घरात घुसलेले परके ठरले.

पण एक गोष्ट मला पटत नव्हती. हे दोघे दांडगट होते खरे, तरी मागच्या भेटीत नव्या क्लाउनना चार-दोन धक्के देऊन त्यांनी सोडून दिलं होतं. मग आठ दिवसांत जीव घेण्याइतकं काय झालं? मी पोऱ्याला बादल्या खाली ठेवायला सांगितल्या, खोलीतला दिवा बंद केला आणि टाकीपासून पाच फुटांवर खुर्ची टाकून बसलो. टाकीसमोर माणूस हलला की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात, मग त्यांचं खरं वागणं दिसत नाही. गप्प बसून राहणं हा आमच्या कामातला निम्मा भाग आहे.

दहाएक मिनिटांनी ठरावीक क्रम दिसायला लागला. दोघांपैकी मोठा डॅमसेल बाणासारखा सुटायचा, पाइपमागच्या क्लाउनला हाणायचा आणि वळून थेट उजव्या कोपऱ्यातल्या एका चपट्या, तिरक्या दगडाखाली जायचा. दरवेळी त्याच दगडाखाली. तिथे गेला की अंग वाकडं करून छातीचे पंख फडफड हलवायचा. मी काचेला कान लावला तर आतून बारीक टक्-टक् ऐकू येत होतं. डॅमसेल दातांवर दात आपटून तो आवाज करतात.

मी बाही वर करून हात घातला. दगडापासून वीतभर अंतरावर असतानाच त्याने करंगळीच्या पेराला चिमटा काढला. रक्त नाही आलं, पण हात आपसूक मागे आला. मग मी कडेने टॉर्च मारला आणि काकांच्या वही वाचायच्या भिंगातून दगडाच्या खालच्या बाजूला पाहिलं. ज्वारीचं पीठ भुरभुरावं तशी अंडी चिकटलेली होती, पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढ्या जागेत. प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी ठिपके. डोळे.

"काका, हे इकडे या. काकूंनाही बोलवा."

डॅमसेलमध्ये अंडी राखतो तो नर. जागा तोच साफ करतो, मादी अंडी घालून बाजूला होते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत हा पंखांनी पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. या काळात त्याच्यासमोर शार्क आला तरी तो अंगावर जाईल. हे मी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून पाहिलंय. तिथले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर हेही डॅमसेलच्याच कुळातले. खडकावर जांभळट अंडी होती, त्यांच्यावरचा नर रंगाने गडद निळा पडला होता आणि माझ्या मास्कच्या काचेवर पुन्हा पुन्हा येऊन आदळत होता. मी दोन हात मागे सरलो तेव्हा तो थांबला. समुद्रात एवढंच लागतं, दोन हात मागे सरायला जागा. चार फुटांच्या काचेत तो क्लाउन सरणार कुठे?

काका मात्र चिडलेले होते, आणि मला ते समजत होतं. क्लाउनची जोडी त्यांनी नातीच्या वाढदिवसाला आणली होती. "दोघांनाही काढ. मी नेऊन समुद्रात सोडतो," म्हणाले. ते मी स्पष्ट नको म्हटलं. पाळलेला मासा समुद्रात सोडायचा नसतो, तो तिथे जगत नाही आणि जगला तर आणखी वाईट. अमेरिकेच्या किनाऱ्यावर लोकांनी टाक्यांमधून सोडलेल्या लायनफिशने अटलांटिकमध्ये केवढा धुमाकूळ घातलाय.

पकडता आले असते. थ्री-स्ट्राइप घाबरला की प्रवाळाच्या फांद्यांत शिरतो आणि तुम्ही ती फांदी पाण्याबाहेर उचलली तरी आतच राहतो. काकांच्या टाकीत कृत्रिम फांद्यांचा एक गड्डा होता (खरा प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो विकणं-बाळगणं गुन्हा), त्यात शिरलेली मादी पाच मिनिटांत बादलीत आली असती. एरवी मी दगडांची मांडणी बदलून बघतो, म्हणजे सगळ्यांच्याच हद्दी मोडतात. एकटा नर काढण्यातही अर्थ नसतो. या जातीत नर गेला की मोठी मादीच कालांतराने नर होते. पण त्या भिंगातून ते डोळे पाहिल्यावर माझा हात गड्ड्याकडे गेला नाही.

काकू बराच वेळ भिंग धरून उभ्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "राहू दे यांना. त्या दुसऱ्याला वाचव."

क्लाउनला मी जाळीने न उचलता मगमध्ये पाण्यासकट घेतला, फाटक्या शेपटीला जाळी लागली की आणखी फाटते. बॅटरीचा एअर पंप लावलेल्या डब्यातून घरी आणला आणि माझ्या रिकाम्या टाकीत अंधार करून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याने खायला तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्टेमियाचे, म्हणजे बारीक कोलंबीसारख्या जिवांचे, दोन दाणे खाल्ले.

त्याच रात्री साडेआठला पुन्हा काकांचा फोन. टाकीचे दिवे बंद झाल्यावर त्यांनी टॉर्च लावला होता आणि उजेडात धुळीसारखं काहीतरी थरथरत वर चढत होतं. "शेकडो आहेत रे!" आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून मी त्यांना रिटर्न पंप बंद करायला सांगितलं, पण खरं काय ते लपवलं नाही. डॅमसेलची पिल्लं दोन-अडीच मिलिमीटरची, तोंड त्याहून बारीक. त्यांना कोपेपॉडची, म्हणजे पाण्यातल्या अगदी सूक्ष्म कवचधारी जिवांची, ताजी पिल्लं खायला लागतात, ती तयार ठेवणं घरी फार अवघड. सकाळपर्यंत एकही दिसलं नाही. काकांनी वहीत लिहिलं, "पिल्लं झाली. गेली."

पुढे त्या जोडीने पुन्हा अंडी घातली, त्याच दगडाखाली. आता त्या टाकीत ते दोघेच असतात आणि तिथे तिसरा मासा मी कोणालाच सोडू देत नाही. क्लाउन माझ्याकडेच आहे, शेपूट भरून आली, पण कडेला एक खाच राहिली. काकांची नात महिन्यातून एकदा त्याला बघायला येते.

दर पंधरवड्याला मी त्यांची काच घासतो. अंडी असली की नर घासणीच्या मॅग्नेटवर इतका तुटून पडतो की मागे हटायला तयार नसतो. म्हणून उजव्या कोपऱ्यातली वीतभर काच मी सोडून देतो. तिथे हिरवं शेवाळ चढलंय. काकू पाहुण्यांना सांगतात, ते तसंच ठेवायचं आहे.