अंजनेरीच्या कातळावर आर्क्टिकच्या गप्पा

पावसाने उघडीप दिली आणि आम्ही अंजनेरी गाठलं. सोबत भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर होते, त्यामुळे घाई करायची नाही हे आधीच ठरलं होतं. त्र्यंबक रस्त्यावर चहा घेतला, अंजनेरी गाव मागे टाकलं आणि पायऱ्यांना लागलो.

घळीत सर एका कातळापाशी थांबले. काळ्या बेसाल्टमध्ये मुगाएवढे पांढरे ठिपके होते. लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे पुढे पाण्यातल्या खनिजांनी भरून निघाले, ते हे झिओलाइट. त्यावर वीतभर जाडीचा लाल पट्टा, आणि वर पुन्हा काळा थर. "दोन उद्रेकांच्या मध्ये तयार झालेली माती आहे ही," सर म्हणाले. मी पट्टा नखाने खरवडला तर बोट लाल झालं.

पठारावर पोचलो तर समोर ब्रह्मगिरी. तिकडचे थर इकडच्या थरांशी नजरेनेच जुळवता येतात, मधली दरी तर पाण्याने कोरलेली. तिथे बसून मी सरांकडे आर्क्टिकचा विषय काढला. गेले काही महिने मला त्याने झपाटलंय.

तिकडे जुळवायचे तुकडे समुद्रापार आहेत. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड स्वतंत्र भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा वेगळा तुकडा म्हणून उत्तरेकडे सरकत होतं. त्या रेट्यात एल्समियर बेटावर आणि स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांना घड्या पडल्या. आज एल्समियर कॅनडात, स्पिट्सबर्गन नॉर्वेत आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात. एकाच देशाच्या नकाशावर ही गोष्ट पुरी कशी होणार? म्हणून जर्मन भूशास्त्रज्ञ 1992 पासून 'केस' नावाच्या मोहिमा काढतात आणि त्या त्या देशातल्या भूशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन काम करतात.

मला सगळ्यात भावते ती मात्र 2004 ची दुसरीच, समुद्रतळ खोदणारी आंतरराष्ट्रीय मोहीम. उत्तर ध्रुवाजवळ समुद्राखाली लोमोनोसोव्ह नावाची डोंगररांग आहे. ती मुळात युरेशियाच्या काठापासून तुटून निघालेली पट्टी. तिच्यावर भोक पाडायचं तर जहाज एका जागी स्थिर राहायला हवं, आणि बर्फ तर सतत सरकत असतो. म्हणून रशियाचं 'सोव्हिएत्स्की सोयूझ' आणि स्वीडनचं 'ओदेन' पुढे राहून बर्फ फोडत होती, आणि 'विदार वायकिंग' खोदत होतं. समुद्रतळाखाली सुमारे 300 मीटरवरून वर आलेल्या गाळात अझोला सापडला! आपल्याकडे गुरांच्या चाऱ्यासाठी ज्याचे वाफे करतात, तोच गोड्या पाण्यातला अझोला. म्हणजे 4.9 कोटी वर्षांपूर्वी तिथल्या समुद्राचा वरचा थर बराचसा गोडा होता. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या त्या समुद्राला बाहेरचं पाणी फारसं मिळत नव्हतं.

भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र 2008 पासून स्वालबार्डला, म्हणजे स्पिट्सबर्गन ज्यात येतं त्या बेटसमूहावर आहे. तिथे हिमनद्या, वातावरण, समुद्र यांचा अभ्यास चालतो, आणि तो चालायलाच हवा. पण स्वालबार्डपासून कॅनडाच्या उत्तर बेटांपर्यंत क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या लाव्हाचे खडक विखुरलेले आहेत. दख्खनच्या बेसाल्टवर उभा जन्म काढलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातोडी घेऊन तिकडेही जावं असं मला मनापासून वाटतं. सरांनी तर उतरता उतरताच कुणाकुणाला विचारायचं त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली.