तुम्ही विचारलंत म्हणून: तार दिसली नाही का?

विमानातून फवारणी करायचो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: इतक्या खालून उडताना भीती नाही वाटत? माझा तो किस्सा कानावर गेला असेल तर लगेच दुसरा, जरा दबक्या आवाजात: तार दिसली नाही का?

पहिल्याला उत्तर आहे. पिकाच्या वर ३-४ मीटर, वेग ताशी २०० किलोमीटर. घाबरायला सवडच नसते. ‘मग थोडं वरून उडा की’ म्हणणाऱ्यांनी वरून सोडलेलं औषध वाऱ्याने कुठे जातं ते बघावं. आणि खरी धास्ती वळणाची. उंची न सोडता ६० अंश कलून वळलात तर स्टॉल व्हायचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते) ४१ टक्क्यांनी वाढतो, टाकी भरलेली असते आणि सावरायला खाली जागा नसते. पण वळणाबद्दल कोणी विचारत नाही. तारेबद्दलच विचारतात.

तार पश्चिमेच्या कडेने, माझ्या फेऱ्यांना समांतर होती. सकाळी शेतावरून चक्कर मारून मी खांब मोजले होते (तार शोधायची नसते, खांब शोधायचे). २२ फेऱ्या झाल्या, तारेचा काही त्रास नाही. राहिली टोकाची आडवी पट्टी. ती तारेकडून आत यायची, तारेकडे जायचं नाही, हे उड्डाणाआधीच ठरलेलं. तेवढ्यात टाकी भरणाऱ्या सहकाऱ्याने रेडिओवर विचारलं, पुढच्या शेताला किती? मी म्हणालो, बाराशे. आणि उलट्या बाजूने पट्टीत शिरलो. तिकडून एक वळण वाचत होतं.

पट्टी संपली, नाक उचललं, आणि खाड्कन आवाज. निळा लखलखाट. काचेपुढच्या कटरने तार तोडली, पण एक टोक शेपटीला फटकारून गेलं. उजवं पेडल दगडासारखं घट्ट झालं. उरलेलं औषध सोडून दिलं आणि कसाबसा उतरलो. सहकारी धावत आला. चाकाला हातभर तार गुंडाळली होती, टोक जळून काळं पडलेलं. तो खाली बसून ती सोडवत राहिला. एक शब्द बोलला नाही.

वर्षभर मी सांगत होतो, ऊन डोळ्यांवर होतं. सकाळची वेळ, तोंड पश्चिमेला. ऊन पाठीशी होतं! मग म्हणू लागलो, त्याने नेमकं तेव्हाच विचारायला नको होतं. हे अजूनही थोडं खरं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या अहवालात २००१ ते २०१० मधल्या अशा धडकांबद्दल आहे: ६३ टक्के वेळा वैमानिकाला तार कुठे आहे ते आधीच माहीत होतं. वाचून बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

तर, दिसली नाही असं नाही. मी ती विसरलो. नंतर शेतावर असताना रेडिओ बंद ठेवायचा नियम केला. पण नियम त्या दिवशीही होताच की.

तो सहकारी मला हा प्रश्न कधी विचारत नाही. मी उतरलो तेव्हा त्याने बाराशे लिटर कालवूनही ठेवलं होतं.