सरकारला गेलेलं पत्र

३ नोव्हेंबर २०२२. त्या गुरुवारी आमच्या अर्थपानाची सगळी मदार एका पत्रावर होती. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची जादा बैठक होती, पण व्याजदर ठरवायला नव्हे. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ टक्क्यांपर्यंत राखायची, ही जबाबदारी २०१६ पासून कायद्याने बँकेवर आहे. सलग तीन तिमाह्या सरासरी ६ टक्क्यांच्या वर गेली, की उद्दिष्ट हुकलं. मग का हुकलं, आता काय करणार आणि महागाई कधी आटोक्यात येईल, हे बँकेने सरकारला लेखी कळवायचं. सप्टेंबरचा ७.४१ टक्क्यांचा आकडा आला आणि ही वेळ पहिल्यांदाच आली.

गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की ज्यांना पत्र लिहायचं त्यांच्या हाती पडण्याआधी ते माध्यमांना देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते रास्तच. पण हाती पडल्यानंतर काय?

रिझर्व्ह बँकेचं निवेदन आलं. बैठक झाली, सरकारला द्यायच्या अहवालावर, म्हणजे त्या पत्रावर, चर्चा झाली, मसुदा ठरला. बस.

"महागाई कधी उतरणार म्हणतात?" वृत्तसंपादकांनी विचारलं.

"तेच दिलेलं नाही, सर."

साडेपाचला ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेचा, बँक ऑफ इंग्लंडचा, निर्णय आला. दर पाऊण टक्क्याने वाढून ३ टक्के, आणि सोबत लगेच इतिवृत्त: समितीच्या नऊपैकी सात सदस्य बाजूने, स्वाती धिंग्रांना अर्धाच टक्का हवा होता, सिल्वाना टेनरेरोंना पाव. तिथे उद्दिष्ट एका टक्क्याहून जास्त हुकलं, की गव्हर्नर अर्थमंत्र्यांना लिहितात ते पत्रही कुणालाही वाचता येतं. असं पहिलं पत्र २००७मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्विन किंग यांनी लिहिलं.

आपली बँक एरवी काही झाकून ठेवत नाही, हेही मला माहीत आहे. धोरणाचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी येतं, प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी. समितीचे तेव्हाचे सदस्य जयंत वर्मा यांची असहमती मी शब्दन् शब्द वाचत होते. म्हणूनच हे मौन जास्त खुपलं. गृहकर्जाचा वाढलेला हप्ता भरणाऱ्याला, पेन्शनच्या व्याजावर जगणाऱ्याला त्या तीन उत्तरांची गरज अर्थमंत्रालयाइतकीच होती.

डिसेंबरमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं: अहवाल मिळाला आहे, पण तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही. मग ती करावी. इतिवृत्ताला चौदावा दिवस ठरलेला आहे, तसा या अहवालालाही ठरवून द्यावा, हे मी तेव्हापासून पतधोरणाच्या लेखांत लिहीत आले आहे.