फेड, झोर्की की कीव्ह?

जेवणानंतर चांगल्या घरची माणसं वामकुक्षी करतात. मी डाव्या कुशीवर लवंडतो आणि फोनवर जुने रशियन कॅमेरे बघत पडतो. रशियन म्हणायचं ते आपलं सवयीनं. तिकडून आलेलं सगळंच आपल्याला रशियन: सर्कस, स्वस्तातली पुस्तकं, मिग विमानं. खरं तर मी ज्या तिघांत अडकलोय त्यातले दोघे युक्रेनचे. फेड खारकीव्हचा, कीव्ह नावाप्रमाणेच कीव्हचा, आणि एकटा झोर्की मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा.

परवा एका जाहिरातीत कीव्हचं ते बारीक दातेरी चाक जवळून काढलेलं दिसलं आणि झोप उडाली. शटरच्या बटणाच्या पुढ्यातच ते असतं. बोटानं फिरवलं की पुढची लेन्स आपोआप फिरते. मूळ अक्कल जर्मन. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स ज्यावर तयार व्हायचा ती सामग्री युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत लोकांनी उचलली आणि 1947 पासून कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात तोच कॅमेरा नव्या नावानं निघू लागला. पुढे तीसेक वर्षं त्यात फारसं काही बदललं नाही. मला ही चिकाटी आवडते. आमच्याकडे दर दिवाळीला फोन बदलणारी मंडळी आहेत, म्हणून असेल.

पण कीव्हची एक गंमत आहे. अंतर मोजायची खिडकी पार टोकाला, त्यामुळे कॅमेरा नेहमीसारखा धरला की आपलंच बोट तिच्यावर येतं. म्हणून तर्जनी बटणावर, मधलं बोट चाकावर आणि उरलेली दोन आत दुमडून ठेवायची. खिडकी टोकाला का, तर दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त तितका फोकस अचूक. कीव्हमध्ये ते 90 मिलिमीटर, फेड-2 मध्ये 67, आणि झोर्की-4 मध्ये जेमतेम 38. आकडे बघितले तर झोर्की पहिल्या फेरीतच बाद.

मामाचा झोर्की-4 होता.

मामा ओझरला, मिगच्या कारखान्यात. परत मायदेशी निघालेल्या कुणा इंजिनिअरकडून त्यानं तो घेतला होता, जाड तपकिरी चामड्याच्या कव्हरासकट. कव्हर उघडलं की वास यायचा, थोडा चांभाराच्या दुकानाचा, थोडा मशीनच्या तेलाचा. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. कारण एकच, आणि ते मामा दर वेळी सांगायचा: "आधी चावी द्यायची, मग आकडा बदलायचा. उलटं केलंस तर मेला!" मेला म्हणजे कॅमेरा की आम्ही, हे त्यानं कधी स्पष्ट केलं नाही. पुढे वाचनात आलं की मामा बरोबर होता. शटर ताणण्याआधी वेगाची चकती फिरवली तर आतली यंत्रणा खरोखरच बिघडू शकते.

दिवाळीच्या पाडव्याला गच्चीवर सगळ्यांना उभं करायचं आणि आजी मधोमध. मामाला फोकसला आजीची नथच लागायची. बारीक, चकचकीत, कडा स्पष्ट. एकदाच, त्याचा मूड बरा असताना, त्यानं मला त्या भोकातून बघू दिलं. मधल्या फिकट ठिपक्यात आजीला दोन नथी होत्या. मामानं लेन्स जराशी फिरवली तशी दुसरी नथ सरकत सरकत आली आणि पहिलीवर बसली. मोत्यावर मोती. बस्स, इतकंच. खाली मामी ओरडत होती, "अहो, ऊन जाईल!" आणि मला ते पुन्हा वेगळं करून पुन्हा जुळवून बघायचं होतं.

फोटो मात्र यथातथाच यायचे. ऑर्वोचा रोल, पूर्व जर्मनीचा, काळा-पांढरा, तोही जपून वापरायचा. त्यात झोर्कीच्या खिडकीत चौकटीच्या रेषा नाहीत, आणि खिडकीला दिसतं तेच लेन्सला दिसतं असं नाही. जवळून काढलं की वरचं उडालंच. आमच्या अल्बममध्ये उंच माणसांना कपाळं नाहीत. मामाच्या चष्म्यावर एक गोल चराही होता, डोळा लावायच्या धातूच्या कडीनं पडलेला. अजून कुणाच्या काचेवर तसला चरा दिसला की मी विचारतो, झोर्की का? लोक वेड्यासारखे बघतात.

त्या कॅमेऱ्याचा शेवट उन्हानं केला. शटर रबर लावलेल्या कापडाचं. कुणीतरी तो टोपण न लावता गच्चीच्या कठड्यावर ठेवला, लेन्स सूर्याकडे. पोरं भिंगानं कागद जाळतात तसं ते कापड जळलं. त्यानंतर प्रत्येक फोटोत आकाशात एक जादा सूर्य. कीव्हमध्ये हे होत नाही. त्याचं शटर धातूच्या पट्ट्यांचं, वरून खाली धावणारं. पण त्या पट्ट्या रेशमी फितींवर लटकलेल्या असतात आणि फीत तुटली की दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरा.

राहता राहिला फेड. दिसायला तिघांत देखणा फेड-2, 1955 चा. पाठ अख्खी निघते, त्यामुळे रोल भरणं सोपं. त्याची कुळकथा मात्र अंगावर येते. खारकीव्हजवळ शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांनी चालवलेली अनाथ, भटक्या मुलांची कम्यून. त्या पोरांनी आधी विजेची ड्रिल मशीन बनवली आणि 1934 पासून लायका या नामी जर्मन कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल. नाव दिलं फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून. हे गृहस्थ गुप्त पोलिसांचे संस्थापक! त्यांच्या नावाचा कॅमेरा गळ्यात अडकवून लोकांचे नकळत फोटो काढत फिरायचं, म्हणजे जरा जास्तच झालं. आणि हो, याच फेड-झोर्कींवर नाझींचा गरुड कोरून, सोनेरी मुलामा देऊन 'जर्मन लायका' म्हणून विकणारे महाभाग आहेत. त्या जाहिराती मी मन लावून वाचतो. घ्यायचं नसतं, तरी.

झोर्कीचा जन्मही फेडमुळेच झाला. 1941 मध्ये जर्मन फौजा खारकीव्हला पोचल्या, कारखाना सायबेरियात बेर्द्स्कला हलवावा लागला. युद्ध संपलं तरी खारकीव्हची गाडी रुळावर यायला वेळ लागत होता, म्हणून 1948 साली क्रास्नोगोर्स्कनं तोच कॅमेरा करायला घेतला. सुरुवातीच्या काही नगांवर दोन्ही नावं एकाखाली एक कोरलेली आहेत, फेड आणि झोर्की. एका शहराचं काम अडलं तेव्हा दुसऱ्यानं हात दिला.

2022 नंतर हे वाचताना घशात अडकतं.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत भावात घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाच डॉलर तरी तोडल्याशिवाय सौदा झाल्यासारखा वाटत नाही. मध्यंतरी खारकीव्हच्या एका विक्रेत्याला फेड-2 बद्दल विचारलं. शटर सगळ्या वेगांवर चालतं का, कापडाला भोक नाही ना, हेच नेहमीचं. उत्तर आलं, सगळं तपासलंय, चालतं. पार्सल कधी निघेल ते मात्र नक्की सांगता येणार नाही. मी भाव केला नाही. कॅमेराही अजून मागवलेला नाही. मामी म्हणते, "अरे, फोननं काढ की. डोकी तरी येतात."